उंच सूर लागला, पण दाद कशाला? कोलोरातुरा सोप्रानो आणि समीक्षकांचे कान

प्रश्न असा आहे: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर एडा मोझर या जर्मन गायिकेने गायलेलं मोझार्टचं गाणंही आहे. ते ऐकल्यावर ‘आवाज भलताच उंच जातो’ एवढंच कळतं. मग समीक्षक अशा गायिकांवर, म्हणजे ऑपेरातल्या सर्वांत उंच आणि जलद फिरत करणाऱ्या स्त्री-आवाजाच्या कोलोरातुरा सोप्रानोंवर, रकानेच्या रकाने लिहितात ते कशावर? एकीला डोक्यावर घेतात आणि दुसरीची दोन ओळींत बोळवण करतात, ते कशाच्या आधारावर?

उंच सूर ही या आवाजासाठी लिहिलेल्या भूमिकांची किमान अट आहे. तो लागत नसेल तर गायिकेला भूमिका मिळतच नाही. त्यामुळे नुसता तो लागला म्हणून जाणकार समीक्षक हुरळत नाही. तो ऐकतो दोन उंच सुरांच्या मधला मजकूर: गळ्याची फिरत किती स्वच्छ आहे, मधल्या सप्तकात आवाज भरीव आहे का, आणि ही सगळी फिरत त्या पात्राच्या तोंडी शोभते का. मोझरच्या गाण्यावरच हे दाखवता येतं, कारण ते जेमतेम तीन मिनिटांचं आहे आणि कुणालाही सहज ऐकायला मिळतं.

गाणं आहे ‘जादूची बासरी’ या ऑपेरातलं. पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात झाला आणि रात्रीच्या राणीची भूमिका मोझार्टची मेहुणी जोसेफा होफर हिने केली. राणी आपल्या मुलीच्या, पामिनाच्या हाती खंजीर देते आणि आपला वैरी सारास्त्रो याचा जीव घे, नाहीतर तू माझी मुलगी नव्हेस, असं बजावते. सफेद एकचा सा धरला तर गाणं मध्य सप्तकातल्या शुद्ध मध्यमापासून अतितार सप्तकातल्या शुद्ध मध्यमापर्यंत जातं. म्हणजे पुरती दोन सप्तकं. वरच्या टोकाचा सूर सेकंदाला सुमारे १३९७ कंपनांचा. मायक्रोफोन नाही, आवाज वाद्यवृंद ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत गायिकेनेच पोचवायचा. तबकडीवरचं ध्वनिमुद्रण १९७२चं, म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचं, वाद्यवृंदाचा संचालक वोल्फगांग सावालिश.

आता ऐकताना पहिल्या दोन ओळी नीट धरा. तिथे फिरत जवळजवळ नाहीच. ‘नरकाचा सूड माझ्या काळजात उकळतोय, मृत्यू आणि निराशा माझ्याभोवती पेटलीय’ एवढंच राणी म्हणते, आणि बरीचशी मधल्या पट्टीत म्हणते. हलक्या, चिमणीच्या आवाजाच्या गायिका इथेच हरवतात. वरचे सूर वाद्यवृंदातून आपसूक सुटे ऐकू येतात, कारण त्या उंचीवर वाद्यांची गर्दी कमी असते. मधले सूर मात्र व्हायोलिन आणि व्हायोलांच्या ऐन गर्दीत सापडतात. तिथे आवाजाला वजन नसेल तर राणी रागावलेली आई न वाटता हट्ट करणारी मुलगी वाटते. जर्मन नाट्यगृहं भूमिका वाटताना हलकी कोलोरातुरा आणि नाट्यमय कोलोरातुरा असे दोन वेगळे प्रकार धरतात ते यासाठीच. मोझर दुसऱ्या प्रकारातली; ‘डॉन जोव्हान्नी’तली डोना आन्ना ही जड भूमिकाही ती गात असे. तिच्या राणीचं कौतुक होतं त्यात या पहिल्या दोन ओळींचा वाटा मोठा आहे.

मग येते सगळ्यांच्या ओळखीची तुटक सुरांची माळ. शब्द ‘कधीच नाही’ या अर्थाचा, आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावर सुटे, आखूड सूर एकामागून एक चढत जातात. यात बिघडतं काय? सर्वांत आधी सूर खालून उचलला जातो: गायिका किंचित खाली सुरू करते आणि सूर संपता संपता जागेवर येते. एरवी हे खपून जातं, पण इतक्या आखूड सुरात सावरायला वेळच नसतो, त्यामुळे सगळी माळ बसकी ऐकू येते. दुसरं म्हणजे दर सुराला पोटाचा झटका दिला जातो. श्वासाचा दाब वरखाली होत राहतो आणि काही सुरांनंतर लय मागे ओढली जाते. मोझार्टने लय ‘अलेग्रो असाई’, म्हणजे चांगलीच जलद, लिहून ठेवली आहे. गायिका मागे पडते म्हणून संचालकाने वेग आवरला की चाणाक्ष समीक्षक ‘संचालकाने सांभाळून घेतलं’ असं एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य टाकतो. ते कौतुक संचालकाचं असतं, गायिकेचं नव्हे. आणि जिभेचं मूळ ताठ झालं तर सूर बरोबर लागूनही आवाज चिरका येतो.

हे कानाला पकडता येत नसेल तर ध्वनिमुद्रणाचा वेग निम्मा करा, पट्टी तीच ठेवून. फोनवरच्या बऱ्याच प्लेअरमध्ये ही सोय असते. निम्म्या वेगात प्रत्येक तुटक सुराची सुरुवात उघडी पडते. मोझरचे सूर तिथेही थेट जागेवर पडतात, आणि ते गोड करायचा तिचा अजिबात प्रयत्न नाही. संताप शेवटच्या तुटक सुरापर्यंत टिकतो. माझ्या मते या गाण्याची तीच खरी परीक्षा, आणि पुष्कळ नामवंत ध्वनिमुद्रणं तिथे घड्याळाच्या किल्लीच्या खेळण्यासारखी वाजतात.

तिसरी जागा म्हणजे पुढे ‘निसर्गाची सगळी बंधनं’ या शब्दांवर येणारी तिहेरी लयीतली सलग तान. तुटक नाही, जोडलेली. आपल्याकडे जिला दाणेदार तान म्हणतात तीच अपेक्षा: प्रत्येक दाणा वेगळा, तरी धागा अखंड. नेहमीची चोरवाट म्हणजे प्रत्येक सुरापुढे ‘ह’ घालणं. आऽआऽआच्या ऐवजी आ-हा-हा-हा. दाणे त्याने झटपट सुटे होतात, पण दर ‘ह’बरोबर श्वास वाया जातो, स्वरतंतू क्षणभर उघडतात, आणि तानेच्या शेवटी दमसास संपून सूर उतरतो. इंग्रजी-जर्मन समीक्षेत या दोषाचा उल्लेख वारंवार सापडेल. केसरबाईंचा खुला आकार ऐकून त्याच कानाने मोझरची ही तान ऐका. निकष फार लांबचे नाहीत. फरक आहे तो गमकेत. ख्यालात छातीतून हलवून घेतलेली तान ही ताकद. मोझार्टमध्ये तोच हेलकावा आला तर सूर अस्थिर आहे म्हणतात. शिवाय इथली तान सुरासकट छापलेली असते, गायिकेला पदरचं काही घालायला वाव नाही.

शेवटी फिरत संपते आणि राणी देवांना नुसती हाक घालते: ‘ऐका, ऐका, ऐका!’ सभागृहातले बरेच लोक वरचे सूर झाले म्हणून इथवर सैलावलेले असतात. ती शपथ शपथेसारखी येते की उरकली जाते, यावरून गायिकेने गाण्यात ताकद कशी वाटली हे कळतं.

मोझार्टमध्ये पदरचं घालता येत नाही, पण इटालियन संगीतकार डोनिझेत्तीमध्ये येतं. म्हणून समीक्षकांची खरी झुंबड ‘लुचिया दी लाम्मेरमूर’वर. हा ऑपेरा नेपल्समध्ये २६ सप्टेंबर १८३५ रोजी आला. मनाविरुद्ध लग्न लावलेली लुचिया पहिल्याच रात्री नवऱ्याला मारते आणि भ्रमिष्ट होऊन पाहुण्यांसमोर येते. तिचा हा वेडाचा प्रवेश म्हणजे कोलोरातुराची सर्वांत मोठी कसोटी. त्याबद्दल तीन गोष्टी ठाऊक नसतील तर कोणतंही परीक्षण अर्धवट कळतं. गळ्याच्या साथीला मूळ योजना काचेच्या हार्मोनिकाची होती, ओल्या काचांवर बोटं फिरवून वाजणाऱ्या वाद्याची. प्रत्यक्षात डोनिझेत्तीने ते भाग बासरीला दिले. मूळ पट्टी एफ मेजर. प्रचारात ती एक पूर्ण स्वर खाली, ई फ्लॅटमध्ये गायली जाते. आणि बासरीबरोबरची ती प्रसिद्ध जुगलबंदी डोनिझेत्तीची नाहीच. ती सहसा मॅथिल्ड मार्केसी या गुरूंच्या नावावर सांगितली जाते, शिष्या नेली मेल्बाच्या १८८९ सालच्या पॅरिसमधल्या प्रयोगांसाठी रचलेली. थोडक्यात, ज्या जागेवर टाळ्या पडतात ती मूळ ऑपेरानंतर अर्ध्या शतकाने आलेली आहे.

त्या जुगलबंदीत फसायला जागा भरपूर. बाकीचा वाद्यवृंद गप्प असतो, उरतात फक्त गळा आणि बासरी. बासरी स्थिर, त्यामुळे गायिका केसभर उतरली तरी दोघांमध्ये धक्का ऐकू येतो. आधी बासरी, मग गळा, मग दोघं एकत्र, अशी रचना आहे. एकत्र येण्याच्या जागा नेमक्या ऐका. उतरत्या अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या तानेत सूर घरंगळतात का, तेही तिथेच दिसतं.

गायिका जोन सदरलँडचं नाव झालं ते या भूमिकेने: १७ फेब्रुवारी १९५९, कोव्हेंट गार्डन, लंडन. संचालक तुल्लिओ सेराफिन, दिग्दर्शन फ्रँको झेफिरेल्ली. रंगीत तालमीला याच भूमिकेत गाजलेली मारिया कालास स्वतः हजर होती. दुसऱ्या वर्षी व्हेनिसमध्ये हँडलच्या ‘आल्चिना’नंतर इटालियन लोकांनी सदरलँडला ‘ला स्तुपेंदा’, म्हणजे थक्क करणारी, करून टाकलं. नवल कशाचं होतं? वेडाच्या प्रवेशाच्या शेवटच्या, वरच्या ई फ्लॅट सुराचं नव्हतं. तो सूर हलक्या आवाजाच्या कित्येकींना लागत होता. एवढा मोठा, रुंद आवाज हलक्या आवाजाच्या चपळाईने फिरतो आणि वर जाताना बारीक होत नाही, हे फार दिवसांनी ऐकायला मिळालं होतं. शिवाय तिचा ट्रिल.

ट्रिल म्हणजे शेजारच्या दोन सुरांमध्ये जलद ये-जा. बहुतेक गायिका तो करत नाहीत, केल्याचा भास देतात: आवाजाचं नैसर्गिक कंपन थोडं रुंद करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं ट्रिल झाला. परीक्षा सोपी आहे. वरच्या सुरावर कान ठेवा. तो स्वतंत्र सूर म्हणून गुणगुणता आला तर ट्रिल खरा. नुसती थरथर जाणवली तर खोटा. सदरलँडचा वरचा सूर स्पष्ट मोजता येतो. साधारण निरोगी कंपन सेकंदाला पाच ते सात वेळा होतं. त्याहून संथ आणि रुंद झालं की आवाज ‘हलतो’, फार जलद झालं की बकरीसारखा येतो. कारकीर्द उतरणीला लागली की समीक्षक पहिलं लक्ष या संथ हेलकाव्याकडे देतात.

सदरलँडवरचा कायमचा आक्षेप म्हणजे शब्द कळत नाहीत. हा आक्षेप निम्मा खरा आणि निम्मा अन्यायाचा. स्त्रीच्या आवाजात सुमारे ७०० कंपनांच्या वर, म्हणजे सफेद एकच्या तार मध्यमाच्या पुढे, ‘आ’, ‘ए’, ‘ई’ हे स्वर वेगळे ओळखणं भौतिकशास्त्रानेच अवघड केलेलं आहे. सुराची मूळ कंपनसंख्याच त्या उच्चाराला आकार देणाऱ्या तोंडाच्या पोकळीतल्या पहिल्या अनुनादाच्या वर जाते, म्हणून गायिका जबडा उघडून तो अनुनाद वर नेतात आणि सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. तिथे शब्द मागणारा समीक्षक अशक्य गोष्ट मागतो. मात्र वेडाच्या प्रवेशाची सुरुवात, जिथे लुचियाला प्रियकराचा आवाज ऐकू आल्याचा भास होतो, ती खालच्या पट्टीत आहे. तिथले शब्द विरघळले तर दोष गायिकेचाच.

कालासची बाजू घेणारे नेमक्या याच जागेवर बोट ठेवतात. १९४९च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये ती वाग्नरची ब्रुनहिल्डे ही जड भूमिका गात असतानाच आजारी गायिकेच्या जागी बेल्लिनीच्या ‘ई पुरितानी’तली एल्विरा गायली, भारी आवाज आणि फिरत एकाच गळ्यात असू शकतात हे त्यावेळी विसरलं गेलं होतं. सप्टेंबर १९५५मध्ये बर्लिनला, कारायानच्या संचालनाखाली, तिच्या लुचियाच्या प्रयोगात षट्गायनाला वन्स मोअर मिळाला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज सदरलँडइतका गुळगुळीत नाही, वरचे काही सूर कडवट आहेत, पण तान कुठून आली आणि का आली हे तिच्याकडे कळतं. या दोन गायिकांवरून अजून भांडणं होतात आणि ती मिटायची नाहीत. कौल द्यायचाच तर: तानेसाठी सदरलँड, तानेआधीच्या चार ओळींसाठी कालास.

झेर्बिनेट्टा या भूमिकेबद्दल थोडक्यात. स्ट्राउसच्या ‘आरियाड्ने आउफ नाक्सोस’मधलं तिचं गाणं दहा मिनिटांहून मोठं, १९१२च्या पहिल्या आवृत्तीत ते आणखी उंच होतं, १९१६च्या सुधारित आवृत्तीत स्ट्राउसने पट्टी उतरवली आणि काटछाट केली. एडिटा ग्रुबेरोव्हाला १९७६ साली व्हिएन्नात कार्ल ब्योमच्या हाताखाली याच भूमिकेने एका रात्रीत मोठं केलं. इथे कस दमसासाचा आणि विनोदाचा. धापा टाकत विनोद होत नाही.

आपल्याला गमतीची वाटावी अशी भूमिका म्हणजे लाकमे. देलिबचा हा ऑपेरा पॅरिसमध्ये १४ एप्रिल १८८३ रोजी आला. कथानक ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानातलं. ब्राह्मण नीलकंठ आपल्या मुलीला, लाकमेला, भर बाजारात गायला लावतो, म्हणजे तिच्यात गुंतलेला इंग्रज अधिकारी पुढे येईल आणि हाती लागेल. ती गाते ते घंटांचं गाणं. त्यातली कथा अस्पृश्य मुलीची, जी विष्णूला रानातल्या श्वापदांपासून वाचवते, आणि हा विष्णू चक्क ब्रह्मदेवाचा मुलगा आहे. पुराणं पॅरिसला पोचेपर्यंत बरीच हलली होती. शेवटी लाकमे धोतऱ्याचं पान चावून जीव देते, एवढं मात्र वनस्पतिशास्त्राला धरून आहे.

गाण्याची मेख सुरुवातीलाच आहे: शब्दांवाचून नुसता आलाप, मागे एकही वाद्य नाही. तंबोराही नाही, हे ध्यानात घ्या. गायिका त्यात किंचित उतरली तर तिला कळत नाही. वाद्यवृंद येतो तेव्हा दोघांमधली फट अख्ख्या सभागृहाला ऐकू येते. पुढचे घंटेसारखे तुटक सूर आणि शेवटचा ई हा उंच सूर हे त्यामानाने ठरलेलं काम. आणि प्रसंग विसरू नका: ही मुलगी बापाच्या धाकाने आमिष म्हणून गाते आहे. मैफलीत खुशीत गाऊन टाळ्या घेणारी गायिका रंगमंचावर तशीच गायली तर चांगला समीक्षक ‘सुंदर, पण लाकमे कुठे होती?’ असं विचारतो. उलट उदाहरण नाताली देसेचं. २००७ साली लंडनमध्ये, लोराँ पेल्लीच्या दिग्दर्शनात, डोनिझेत्तीच्या ‘पलटणीची मुलगी’मध्ये ती कपड्यांना इस्त्री करता करता ताना घेत होती, आणि तान इस्त्रीच्या हिसक्याबरोबर येत होती. परीक्षणांत तिच्या अभिनयाला गाण्याइतकीच जागा मिळाली ती उगाच नव्हे.

दोष कसे ऐकू येतात हे शिकायला, बेसूर गाण्यासाठीच प्रसिद्ध झालेल्या फ्लोरेन्स फॉस्टर जेन्किन्सची ध्वनिमुद्रणं सर्वांत उपयोगी, हे थट्टेने म्हणत नाही. राणीचं आणि घंटांचं, दोन्ही गाणी तिने मुद्रित केली आहेत. वरचा सूर आखूड पडणं, तानेत सूर गळणं, पियानोवाल्याने तिच्यामागे लय ताणत धावणं, सगळं मोठ्या अक्षरात आहे. ते पंधरा मिनिटं ऐकून मग चांगल्या गायिकेतला बारीक दोष लवकर सापडतो.

आता परीक्षणं वाचण्याबद्दल. गायिकेच्या संकेतस्थळावरची एका ओळीची अवतरणं जवळपास निरुपयोगी; ‘झळाळता आवाज’ पुढे तीन टिंबं असतील तर त्या टिंबांत काय गेलं ते मूळ लेखात पाहावं. ‘निर्भय’ हे विशेषण बहुधा धोका पत्करल्याचं असतं, तो निभावल्याचं असेलच असं नाही. ‘हुशार गायन’ म्हणजे आवाज भूमिकेला थोडा कमी पडला. ‘वरच्या पट्टीत विशेष खुलली’ म्हणजे खालची पट्टी रिकामी होती. प्रयोगाआधी पडद्यापुढे येऊन कुणी गायिका आजारी असल्याचं जाहीर केलं असेल तर परीक्षणात तसा उल्लेख असतो. तो वाचल्याशिवाय त्या रात्रीवरून मत बनवू नये. आणि दोन-तीन वेगवेगळ्या समीक्षकांनी एकाच नेमक्या जागेचं नाव घेऊन कौतुक केलं असेल, तर ते बिनधास्त खरं धरावं. नुसत्या सुराची बातमी वेगळी. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये टॉमस आडेसच्या नव्या ऑपेरात ऑड्री लूना १७६० कंपनांचा ए गायली आणि त्या रंगमंचावरचा आजवरचा सर्वांत उंच सूर म्हणून त्याची बातमी झाली. बातमी योग्यच, पण भूमिका कशी झाली हे त्या बातमीतून कळत नाही.

ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून तुलना करताना पट्टी तपासायला विसरू नका. जुन्या वाद्यांवर वाजवणारे संच मोझार्टसाठी पुष्कळदा ‘ए’ हा सूर ४३० कंपनांचा धरतात, आधुनिक वाद्यवृंद ४४० किंवा किंचित वर. अर्ध्या स्वराच्या निम्म्याला थोडा कमी एवढा फरक पडतो, आणि त्या उंचीवर गळ्याला तो जाणवतो. स्टुडिओत तुकडे जोडता येतात, प्रयोगाच्या थेट मुद्रणात सहसा नाही, म्हणून दमसास पाहायचा तर थेट मुद्रण घ्या. लुचियाच्या वेडाच्या प्रवेशाच्या अखेरीस ट्यूनर ॲप लावून शेवटचा सूर बघा. वरचा ई फ्लॅट असेल तर प्रचलित पट्टी, एफ असेल तर मूळ पट्टी. आणि गायिका वर न जाता खालीच थांबली, तर ती कचरली असं समजू नका. तो वरचा सूर डोनिझेत्तीने लिहिलेलाच नाही.